गावच्या वाचनालयात भाषा शिकवायची आहे. सुरुवात कुठून करावी?

कोयनाकाठ (धागाकर्ता)
कराड तालुक्यातलं गाव. शासनमान्य वाचनालय, ड वर्ग म्हणजे सर्वांत लहान. एक खोली, सहा कपाटं, दोन लांब टेबलं, दोन ट्यूब. दिवाळीनंतर आठवड्यातून तीन संध्याकाळी विनामूल्य भाषेचा वर्ग घ्यायचं घाटतंय. गावाची मागणी एकच आहे: स्पोकन इंग्लिश घ्या. तीसेक मुलं येतील, चौथी ते नववी. प्रश्न असे: इंग्रजीच घ्यावं का? वेळ कोणती? साहित्य काय लागेल? आणि वाचनालयाच्या मंडळींशी काय बोलून ठेवावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पाणंद
चौथी ते नववी, तीस मुलं, एक खोली आणि एक माणूस. शुभेच्छा!

खडूवाले
इंग्रजी की मराठी हे आत्ता ठरवूच नका. पहिले दोन दिवस शिकवू नका, फक्त वाचून घ्या. 'प्रथम' या संस्थेच्या असर पाहणीत मुलांचं वाचन तपासायला वापरतात ती पद्धत सोपी आहे. एका कागदावर चार गोष्टी मोठ्या अक्षरात लिहायच्या: दहा सुटी अक्षरं, दहा सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. मुलाला एकट्याला बोलवायचं आणि सुरुवात परिच्छेदापासून करायची. सलग वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळला, तीनहून जास्त चुका झाल्या किंवा शब्द तोडून तोडून वाचला तर शब्दांवर उतरायचं. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर तो शब्दपातळीचा. नाही आले तर अक्षरांवर यायचं, तिथंही पाचात चार. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

मग इयत्ता विसरून गट पाडायचे. सातवीतलं मूल शब्दपातळीवर निघालं तर दचकू नका, निघतंच. पण त्याला चौथीच्या पोरांशेजारी बसवलंत तर ते तिसऱ्या दिवशी येणार नाही. मोठ्यांचा शब्दगट वेगळ्या टेबलाला बसवा आणि त्यांना शब्द वेगळे द्या. बदक-कमळ नको. ऊस, सरी, मोटर, पगार असे शब्द द्या.

वाचनवेडा
पण पालक तर इंग्रजी मागतायत. मराठी घेतो म्हटलं की म्हणणार, ते शाळेत आहेच की.

किल्लेदार
मराठीच घ्या म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठल्या माध्यमात आहेत, तेवढं आधी सांगा. गावच्या पोरांनीच का मातृभाषेची पालखी वाहायची?

खडूवाले
@किल्लेदार, इंग्रजीला विरोध कुणाचाच नाही. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. अडचण अशी की ज्याला मराठीत चार ओळी सलग वाचता येत नाहीत, त्याला इंग्रजी वाक्य पाठ करावं लागतं. 'माय नेम इज' इथवर मजा येते, पुढं गाडी थांबते.

मोटरपंप
मधला मार्ग आहे. तासाची शेवटची पंधरा मिनिटं इंग्रजीला द्या, पण ए फॉर अ‍ॅपलनं सुरू करू नका. पोरांना आधीच येत असलेले इंग्रजी शब्द घ्या. पहिल्या आठवड्यात फक्त उच्चारासारखं स्पेलिंग असलेले: फॅट, बस, पंप, टँक, बिल, टेस्ट, कट. अर्थ माहीत, उच्चार माहीत, नवी फक्त अक्षरं. अक्षराचं नाव न सांगता आवाज सांगायचा, म्हणजे 'एफ-ए-टी' नव्हे, 'फ्-अ‍ॅ-ट्'. मोटर, पाईप, स्टार्टर दुसऱ्या टप्प्यात. व्हॉल्व्ह आणि डेअरी अगदी शेवटी, त्यांचं स्पेलिंग दगा देतं. असे पन्नास शब्द झाले की पोरगं डेअरीतल्या मशीनवरचं वाचून दाखवतं, मग पालकांची तक्रार आपोआप मिटते.

आपल्याकडे व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला 'व' म्हणतात. फरक तोंडावर दाखवा. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो, दात लागत नाहीत.

पाणंद
गावातला निम्मा वर्ग चंबू करून बसलाय, असं डोळ्यापुढं आलं.

दाखलनोंद
वाचनालयाच्या बाजूनं लिहितो, कारण सगळे शिकवण्यावरच बोलतायत. वर्ग सुरू करण्याआधी कार्यकारी मंडळाला साधं पत्र द्या आणि त्याचा ठराव करून घ्या. ठरावात दिवस, वेळ, किल्ली कुणाकडं, वीजबिलाचं काय, आणि फी नाही हे वाक्य, एवढं असू द्या. तोंडी होकारावर चालू केलेला वर्ग मंडळ बदललं की बंद पडतो.

दुसरं म्हणजे कपाटाचं कुलूप. सगळे ग्रंथपालाला नावं ठेवतात. पण १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचं अनुदानित वाचनालय असेल तर पुस्तकं दाखल नोंदवहीत असतात, तपासणीत ती दाखवावी लागतात आणि हरवलं की जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून कुलूप. तेव्हा मुलांसाठी वेगळी पेटी करा. पत्र्याची ट्रंक चालेल. तीस-चाळीस पातळ पुस्तकं, देणगीतली, फाटली तरी चालतील अशी, नोंदवहीच्या बाहेर.

जिल्हाबाहेर
नोंदवहीच्या बाहेर? चुकीचा सल्ला. देणगीचीही नोंद करायचीच असते. उद्या कुणी विचारलं की ही पुस्तकं कुणाची, तर काय सांगणार?

दाखलनोंद
वाचनालयाला देणगी दिली तर नोंद हवीच, बरोबर. पेटी वर्गाची मालमत्ता आहे, वाचनालयात फक्त ठेवायला आहे, असं ठरावातच लिहून घ्यायचं. दोन ओळींचं काम आहे. शिवाय पेटीच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा.

माणदेशी
पुस्तकं म्हणाल तर नव्या वाचकाला कादंबऱ्या निरुपयोगी. पानावर दोन-तीन ओळी, टाईप मोठा, चित्र अर्धं पान, अशी हवीत. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळी एक ते चार अशा लावलेल्या आहेत. फुकट उतरवून छापता येतात. पातळी एकच्या दहा गोष्टी काळ्या-पांढऱ्या छापा, मधे दुमडून दोन पिना मारा. बालभारतीची जुनी पुस्तकं पण मिळतात, मात्र ती मुलांना पाठ असतात.

आणि पाठ असणं हाच मोठा चकवा आहे. 'सगळे मिळून वाचूया' केलं की तीसच्या तीस वाचतायत असं वाटतं. त्यातले दहा पुढच्याच्या आवाजामागं पाव सेकंदानं चालत असतात. ओळखायचं असेल तर पानावरच्या ओळी खालून वर वाचायला लावा किंवा मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा. पाठवाला तिथं अडकतो.

मालिकाग्रस्त
भिलारसारखं करता येईल का? घरोघरी पुस्तकं?

दाखलनोंद
भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं, ते ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी. महाबळेश्वर-पाचगणीची वर्दळ शेजारी आहे. इथं अक्षरगट बसवायचाय. दोन्ही चांगलं, पण काम वेगळं.

खडूवाले
अक्षरगटाबद्दल राहिलं होतं. अ आ इ ई पासून सुरू करू नका, त्यांपासून शब्द लवकर तयार होत नाहीत. जुनी ग म भ न ची वाट अजूनही उत्तम. चारच अक्षरांत मन, नग, गगन, नमन होतात. काना दिला की मामा, मान, नाग, भाग, माग, गाभा. म्हणजे चौथ्या दिवशी मूल शब्द वाचतंय. मग र, स, क, ल, त. वेलांटी कान्यानंतर, मात्रा त्यानंतर, उकार शेवटी. सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात आणू नका: घ-ध, ब-व, ट-ठ-ढ, प-ष. घ पक्का झाला की दहा दिवसांनी ध. 'ख' नीट जोडून काढा, नाहीतर मूल 'रव' वाचतं.

सुटं वाचायची सवय लागू देऊ नका. 'ग... ग... न...' असं म्हणवून घेतलं की प्रत्येक अक्षराला अ लागतो आणि मूल 'गअगअनअ' म्हणतं. त्याला तो शब्द गगन आहे हे कळतच नाही. आपण बोलताना शेवटचा अ गिळतो. 'बोलतो' मधला ल तर 'बोल्तो' असाच येतो. म्हणून अक्षरावर बोट फिरवत एका दमात म्हणून घ्या.

आणि च. 'चार' मधला च वेगळा, 'चारा' मधला वेगळा. 'झाड' आणि 'झेंडा' तसंच. लिपीत खूण नाही. पुढं इ, ई, ए, य आले की बहुधा तालव्य, म्हणजे 'चार' मधल्यासारखा, एवढं सांगा. बाकी कानावर सोडा.

शुद्धलेखक
उच्चाराचं निघालंच आहे तर, या भागात 'पानी', 'लोनी', 'मानूस' सर्रास. वर्गात हे आधी दुरुस्त करायला हवं. नाहीतर लिहिताना तेच उतरणार.

माणदेशी
साफ असहमत. मूल 'पाणी' हा शब्द बघून 'पानी' म्हणालं तर त्यानं बरोबर वाचलंय. तिथं टोकलं की ते वाचणं थांबवतं. लिहिताना 'पानी' आलं तर फळ्यावर 'पाणी' लिहून दाखवा, बोलताना सोडून द्या. घरात 'आलतं-गेलतं', पुस्तकात 'आलं होतं-गेलं होतं', दोन्ही मराठीच.

शुद्धलेखक
लिहिताना तरी नियम शिकवणार ना? १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, एकूण १८ आहेत.

खडूवाले
अठराच्या अठरा नकोत. गोष्टपातळीच्या गटाला दोन पुरे. शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू. आणि प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ ऱ्हस्व होतो: गरीब-गरिबाला, तूप-तुपात, बहीण-बहिणीला. याच्या वीस जोड्या करून घेतल्या की निम्म्या चुका जातात.

पाणंद
आणि 'आचार्यांनी जेवायला वाढलं' व 'आचाऱ्यांनी जेवायला वाढलं' यातला फरक. लग्नाच्या हंगामात उपयोगी.

जतकर
सांगली जिल्ह्याचं वेगळं सांगतो. जत तालुक्याच्या पूर्वेकडं घरची भाषा कन्नड, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही आहेत. तिथं मराठी ही दुसरी भाषा म्हणूनच शिकवावी लागते. चुका ठरलेल्या असतात.

लिंग: कन्नडमध्ये निर्जीव ते सगळं नपुंसक. म्हणून 'ते भिंत, ते दगड'. यावर नियम नाही, नाम कधीच एकटं शिकवायचं नाही एवढंच. 'ती भिंत, तो दगड, ते दार' अशी जोडी करूनच कार्डावर लिहा. ती-वालं कार्ड लाल कडेचं, तो-वालं निळ्या, ते-वालं हिरव्या.

'मी भाकरी खाल्ली': मुलगा म्हणतो 'मी भाकरी खाल्लो'. क्रियापद कर्माप्रमाणं फिरतं हे कन्नडमध्ये नाही. भाकरी, आंबा, केळं समोर ठेवा आणि खाल्ली-खाल्ला-खाल्लं करून घ्या. तक्ता पाठ करून येत नाही.

ख-भ-ध: बोलताना 'बाकरी', 'कत'. तोंडासमोर पातळ कागदाची पट्टी धरा. 'ख' ला हलली पाहिजे, 'क' ला जवळजवळ हलत नाही. पोरं यात रमतात.

अंक: कन्नडमध्ये वीस आधी, एक नंतर. मराठीत एकवीस, म्हणजे एक आधी. मूल ऐकून १२ लिहितं.

किल्लेदार
हा! २०१९ ला दुसरीच्या गणितात 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

मोटरपंप
तो धागा इथं उघडू नका, तीनशे प्रतिसाद होतील आणि मूळ प्रश्न राहील बाजूला.

विटेकरी
जतसारखंच खानापूर-आटपाडीकडं. गलाईवाल्यांची घरं देशभर. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेर असलेली कुटुंबं परत आली की मुलं घरात मराठी फडाफडा बोलतात, वाचायला मात्र तमिळ किंवा हिंदी येतं. त्यांची तोंडी आणि वाचनाची पातळी वेगवेगळी तपासा. हिंदीवाल्याला ळ नवा असतो आणि 'ज्ञ' तो 'ग्य' वाचतो. अशा मुलाला अक्षरगटात ढकलू नका, दहा-बारा दिवसांत तो परिच्छेदावर जातो. तमिळ लिपी शिकून आलेल्याला क-ख-ग-घ साठी एकच अक्षर माहीत असतं, त्याला जास्त वेळ लागतो. तिथं जतकरांची कागदाची पट्टी क-ख ला कामी येईल. क-ग साठी गळ्यावर हात ठेवायला सांगा आणि शब्दांच्या जोड्या म्हणून घ्या, कळ-गळ, काय-गाय.

फडावरून
ऊसतोडीच्या मुलांचं कुणी काढलं नाही. नोव्हेंबर ते मार्च कारखान्याच्या पट्ट्यात प्रत्येक गावाशेजारी कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, पडलेल्या असतात. ती मुलं वाचनालयाच्या पायरीवर येतात, आत येत नाहीत. कारण अनामत आणि रहिवासी पुरावा. त्यांना सभासद करण्याच्या भानगडीत पडू नका, पेटी कोप्यांवर न्या. रविवारी पाऊण तास, सतरंजीवर. गट दोनच. आणि प्रत्येकाचं एक कार्ड करा: नाव, कुठली अक्षरं झाली, कुठलं पुस्तक वाचतोय. हंगाम संपून निघताना ते कार्ड आईच्या हातात द्या. गावी गेल्यावर शाळेतल्या बाईंना पुन्हा शून्यापासून तपासावं लागत नाही.

मालिकाग्रस्त
वेळेचं राहिलं. बायकांसाठी घेणार असाल तर रात्री साडेआठ विसरा, मालिका.

मोटरपंप
मालिकेपेक्षा मोठा शत्रू थ्री फेज. बऱ्याच फीडरवर शेतीपंपाची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात बाप्ये पाण्याला, थोरली पोरंही बरोबर. वेळापत्रक कळलं की त्याप्रमाणं वर्ग हलवा. संध्याकाळी सहा ते साडेसात धारा आणि डेअरी, तेव्हा मुलांना किटली घेऊन जायचं असतं. मुलांना शाळा सुटल्यावर पाच ते सहा, मोठ्यांना दुपारी दोन ते तीन. बाजारचा दिवस आणि जत्रेचा आठवडा धरूच नका. तासगावकडं असाल तर द्राक्षांची फळछाटणी आणि बेदाण्याच्या दिवसांत हजेरी निम्मी गृहीत धरा.

ओवी
मोठ्यांचा विषय निघालाय म्हणून. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी उल्लास कार्यक्रम चालू आहे, जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांकडं स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. शेवटी १५० गुणांची चाचणी असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०.

पण मोठ्यांना बाराखडीत रस नसतो. त्यांना आधी सही हवी. द्या. सहीत जी अक्षरं आहेत तिथूनच पुढं जा. 'सुमन' शिकली की स, म, न आणि उकार हातात आला. नंतर घरातले कागद आणायला सांगा: दुधाची पावती, बचत गटाचं पासबुक, सातबारा. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम हे पाच रकाने. रोज तोच कागद, रोज आकडा नवा, यापेक्षा चांगलं वाचनपुस्तक नाही. औषध फवारणीच्या बाटलीवरचा त्रिकोणही शिकवा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्याला रंग कळतो, आणि रंगावरून त्याला शेजारचा शब्द वाचावासा वाटतो.

अभ्यासिका_टेबल_३
एक विनंती. वाचनालयात भरतीची पोरं बसतात. संध्याकाळी तीस मुलं 'गगन-नमन' ओरडायला लागली तर आम्ही कुठं जायचं?

खडूवाले
रास्त. मोठ्यानं वाचायचं काम ओट्यावर किंवा शेजारच्या देवळात, लिहायचं काम आत. उलट तुम्हालाच ओढतो. पोलीस भरतीच्या लेखीत मराठी व्याकरण आहे. जो आठवड्याला एक तास शब्दगट सांभाळेल, त्याचा व्याकरणाचा एक तास मी पाठवलेल्या प्रश्नांवर घेतला जाईल. समास समजावून सांगताना जेवढा पक्का होतो तेवढा वाचून होत नाही.

अभ्यासिका_टेबल_३
शुक्रवार चालेल.

दाखलनोंद
दोन कडक गोष्टी. दार उघडं आणि खोलीत कायम दोन मोठी माणसं. पालकांची लेखी संमती. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, 'उपक्रम' म्हणून सुद्धा नाहीत.

कोयनाकाठ (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: पहिले दोन दिवस फक्त तपासणी. सोमवार-बुधवार-शुक्रवार पाच ते सहा. पाऊण तास मराठी तीन गटांत, पंधरा मिनिटं मोटरपंपांचे शब्द. पेटीचा उल्लेख ठरावाच्या मसुद्यात घातला. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू जमवतोय, एका गल्लीत दोनशे निघाल्या. राहिला फळा. खडूची धूळ पुस्तकांवर बसेल म्हणून जुना फ्लेक्स उलटा लावावा म्हणतो, मागची बाजू पांढरी आहे, पाच बाय तीन फूट. चालेल का?

मोटरपंप
चालेल, पण ती बाजू खरखरीत असते, मार्करची शाई आत शिरते. वरून पारदर्शक चिकट फिल्म ओढा, मधे बुडबुडा राहू देऊ नका. तरी डाग राहिला तर त्याच डागावर पुन्हा मार्कर फिरवा आणि ओला असतानाच पुसा.

पाणंद
आणि पुढच्या बाजूला कुणाचा वाढदिवस आहे?

कोयनाकाठ (धागाकर्ता)
ते भिंतीकडं तोंड करून आहेत. राहू द्या.